चिकूच्या सावलीत कुंपण कशाचं? शेळी तोंड लावत नाही अशी झुडपं

डहाणू : विदर्भात पिकाला रोही आणि हरणांचा त्रास. आपल्या डहाणू-तलासरीत भातकापणी झाली की मोकाट सुटलेल्या शेळ्या, गुरं वाडीत शिरतात. चिकू बारमाही हिरवा, म्हणून बांधावर वर्षभर सावली. तिथे ऊन मागणारं झुडूप भरत नाही.

मी आधी हौसेने जास्वंद लावली. एका दुपारी शेळ्यांनी नुसत्या काड्या ठेवल्या.

सावलीत पहिली पसंती अडुळशाला. पाला कडू, उग्र वासाचा. शेळी हुंगून पुढे जाते. पाऊस लागला की पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर फांद्या दीड-दीड फुटावर दोन ओळींत खोचायच्या. दुसऱ्या ओळीची फांदी पहिलीच्या फटीसमोर यावी. पाणी तेवढं साचू देऊ नका, मुळं कुजतात. वर्षातून एकदा कंबरेएवढा छाटला की बुडापासून दाट फुटतो. खोकल्याच्या काढ्याला पानंही घरचीच.

बांधावर थोडं ऊन येत असेल तिथे करवंद. काटा पक्का, पण वाढ सावकाश, आणि कोवळी रोपं शेळी खाते. पहिली दोन वर्षं काटेरी फांद्या टाकून जपावी लागतात. बी ताजंच पेरा.

रानडुकराला मात्र अडुळसा अडवत नाही, त्याला जाळीच हवी.

कण्हेरही जनावर खात नाही, पण तिला ऊन लागतं आणि सगळे भाग विषारी. छाटलेल्या फांद्या सुकल्या तरी विष राहतं, त्या वैरणीत जाऊ देऊ नका.