सूर्यास्तानंतरची भरलेली बंदूक

सूर्य मावळल्यावर भरलेली बंदूक घेऊन रानांत फिरणाऱ्या माणसाकडे कायद्यानें कोणत्या नजरेनें पाहावें, हा प्रश्न वरवर पाहतां वकिलांचा आहे. पण निलंग्याच्या काळ्या जमिनींत तूर किंवा ज्वारी पेरणारा शेतकरी तो निराळ्या रीतीनें विचारतो. रानडुकरें पिकांत शिरतात तीं बहुधा रात्रीं; म्हणजे जी वेळ शिकारीस निषिद्ध, नेमकी तीच त्याच्या राखणीची. अशा वेळीं बंदूक धरणाऱ्यास शिक्षा ठरविण्यांत कोणत्याही राजवटीनें कसूर केलेली नाहीं. पण ती शिक्षा कोणाच्या रक्षणासाठीं, याचें उत्तर मात्र काळागणिक पालटत गेलें आहे.

आमचे फौजदारी कायदे बव्हंशीं इंग्लंडांतून आलेले. तेव्हां आरंभ तिकडूनच केला पाहिजे. १३२८ च्या नॉर्दम्प्टनच्या कायद्यानें रात्रीं वा दिवसा सशस्त्र हिंडण्यास बंदी केली, ती राजाची शांतता राखण्यासाठीं. १७२३ चा कायदा त्याहून उग्र होता. तोंडाला काळें फासून व शस्त्र घेऊन राखीव रानांत शिरणाऱ्यास त्यानें थेट देहान्त शासन सांगितलें. लोकांनीं त्याचें नांवच ‘ब्लॅक ॲक्ट’ असें पाडलें. पुढें १८२८ च्या कायद्यानें रात्रीची रीतसर व्याख्या केली: सूर्यास्तानंतर एक तास झाला म्हणजे ती सुरू होते आणि सूर्योदयापूर्वीं एक तास संपते. या वेळांत तिघे किंवा अधिक जण शिकारीच्या हेतूनें एखाद्या जमिनींत शिरले आणि त्यांपैकीं एकाजवळ जरी बंदूक असली, तरी सर्वांस चौदा वर्षांपर्यंत हद्दपारी होऊं शके. जमीनदाराच्या सशाची ही किंमत!

हिंदुस्थानांत भय निराळें होतें. १८५७ च्या उठावानंतर राज्यकर्त्यांस सशाची नव्हे, स्वतःची काळजी लागली. लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींत १८७८ सालीं जो हत्यारांचा कायदा झाला, त्याच्या तेराव्या कलमान्वयें परवान्यावांचून सशस्त्र फिरणें हाच गुन्हा ठरला, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैदेची. येथें दिवस-रात्रीचा भेदच उरला नाहीं. गोऱ्या लोकांस मात्र या बंधनांतून सूट होती. १८८७ सालीं मद्रासच्या अधिवेशनांत राष्ट्रसभेनें या कायद्याविरुद्ध ठराव केला. पुढाऱ्यांचा रोष मुख्यतः मानहानीबद्दल होता, आणि तो यथार्थच होता. परंतु खेड्यांतील गाऱ्हाणें डुकरांचें आणि वाघांचें होतें.

या काळांतील एक खटला आम्हांस फार उद्बोधक वाटतो. १९०१ सालीं तो मुंबईच्या हायकोर्टापुढें आला, आणि ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’च्या तिसऱ्या खंडांत नोंदला गेला. साळिंदराच्या शिकारीस कांहीं मंडळी जंगलांत गेली होती. आपापल्या जागा ठरवून ते दबा धरून बसले. एकास झुडपांत खसखस ऐकूं आली. साळिंदर समजून त्यानें गोळी झाडली, आणि ती त्याच्याच सोबत्यास लागून तो मेला. बंदूक बिनपरवान्याची होती. तेव्हांच्या दंडसंहितेचें ८० वें कलम अपघातास क्षमा करीत असे खरें, पण कृत्य कायदेशीर असावें, कायदेशीर रीतीनें व योग्य सावधगिरीनें केलेलें असावें, अशी त्याची अट होती. मग बिनपरवाना बंदुकीचें कृत्य कायदेशीर कसें? कोर्टानें निर्णय दिला तो असा कीं, परवाना नसणें एवढ्यानेंच अपघाताचा बचाव नाहींसा होत नाहीं. परवान्याचा अपराध वेगळा, मृत्यूचा प्रश्न वेगळा. आम्हांस हा विवेक न्यायासनास शोभणारा वाटतो. एका चुकीच्या ओझ्याखालीं माणसास दुसऱ्या, न केलेल्या पापाचा धनी करूं नये. अर्थात् निलंग्यास या निर्णयाचा उपयोग नव्हता. तो तालुका तेव्हां निजामाच्या राज्यांत, बीदर जिल्ह्यांत होता, आणि दंडसंहिता तेथें लागू झाली ती १९५१ मध्यें. १९५६ सालीं तो उस्मानाबादेंत आला, १९८२ पासून लातुरांत आहे.

स्वातंत्र्यानंतर दोन कायदे आले, आणि दोघांची दृष्टि वेगळी. १९५९ चा शस्त्रकायदा १९६२ च्या ऑक्टोबरांत अंमलांत आला. पिकांच्या राखणीसाठीं कोणी ठासणीची बंदूक खरोखर मागत असेल, तर परवाना द्यावा, असें त्याच्या तेराव्या कलमांत शेतकऱ्याचें नांव न घेतां शेतकऱ्यासाठींच म्हटलें आहे. मात्र परवान्याच्या अटी मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मात्र पशूचा पक्ष घेतला. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत शिकार करूं नये, दिवा लावून करूं नये, पाणवठ्यावर दबा धरूं नये, असें त्यांत स्पष्ट सांगितलें. १९९१ सालीं शिकारीच्या परवान्यांचीं कलमेंच गाळलीं गेलीं, आणि वेळ पाळून शिकार करण्याचा हक्कही त्यांबरोबर गेला.

याच कायद्याच्या अकराव्या कलमांत एक परंतुक आहे. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचविण्यासाठीं सद्‌बुद्धीनें जनावर मारणें हा गुन्हा नाहीं. पण त्या क्षणीं तो माणूस या कायद्याविरुद्ध कांहीं करीत असेल, तर त्यास ही सवलत नाहीं. अर्थात् रात्रीं चोरटी शिकार करीत असतां बिबट्या अंगावर आला, तर गोळी झाडणारा आधींच बचाव गमावून बसलेला असतो. १९०१ च्या न्यायाधीशांनीं जी गांठ सोडविली होती, ती येथें मुद्दाम पुन्हा बांधली आहे. वनाच्या दृष्टीनें तें समजण्यासारखें आहे. चोरट्यास स्वसंरक्षणाचें निमित्त नेहमींच सांपडतें.

पण शेतकरी चोरटा नव्हे. उभ्या पिकास धोका असेल तर अधिकारी लेखी परवानगी देऊं शकतो, हीही सोय त्याच कलमांत आहे. तेव्हां राखणीस निघण्यापूर्वीं बंदुकीसाठीं एका कचेरीचा कागद आणि डुकरासाठीं वनखात्याचा दुसरा कागद, असे दोन त्याच्या खिशांत असले पाहिजेत. यांतला एकही नसला, तर कायद्याच्या लेखीं तो रात्रीं भरलेली बंदूक घेऊन निघालेला कोणी एक इसम.