सोप्यातला फोन

आमच्या बेळगावच्या घरी फोन सोप्यात होता, काकांच्या तिजोरीशेजारी. अक्काला सांगलीला दिलेली. तिच्याशी बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करून बसायचं. ऑर्डिनरी लावला तर तासन् तास वाट, अर्जंटला दुप्पट पैसे. लागला की तीन मिनिटं, आणि दोन्हीकडे सोपाभर माणसं. आई विचारायची, "बरं आहे ना गं?" अक्का म्हणायची, "हो, बरं आहे." संपलं.

देशातली पहिली एसटीडी १९६० साली लखनौ-कानपूर दरम्यान सुरू झाली. आमच्या बायकांपर्यंत ती पोचली ऐंशीचं दशक सरता सरता, पिवळ्या पाटीच्या बूथमधून. दशलक्षणात देवळातून परतताना अक्का त्या बूथमध्ये शिरली, दार लावून घेतलं, आणि लग्नानंतर पहिल्यांदा आईपाशी रडली. मीटर पळत होता. इकडे आईभोवती माणसं. ती नुसती "हं, हं" करत राहिली. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं ती सांगलीला गेली.

फोन घरात येऊन तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती. पण अक्काला तो मिळाला त्या दिवशी. बोलायला नंबर लागतो, तसं लावून घ्यायला एक दारही लागतं, बायांनो.