सर्व्हिस कोणाची, गुण कोणाचा

व्हॉलीबॉलमध्ये जवळपास शंभर वर्षं रॅली जिंकूनही गुण न मिळण्याची सोय होती. गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्या संघाचा. समोरच्याने रॅली जिंकली तर त्याला सर्व्हिस मिळायची, गुणफलक होता तिथेच राहायचा. मी जन्मलो त्याच सुमारास हा नियम गेला, त्यामुळे माझ्या वयाच्या खेळाडूंना तो ऐकूनच माहीत.

नियम विचित्र वाटला तरी त्याचं मूळ समजण्यासारखं आहे. १८९५ साली अमेरिकेतल्या होल्योक इथे वायएमसीएच्या विल्यम मॉर्गनने हा खेळ तयार केला, तेव्हा सामना नऊ डावांचा होता. सर्व्हिस म्हणजे बॅटिंग असं समजा. क्रिकेटमध्ये गोलंदाजाने कितीही सुंदर चेंडू टाकला तरी त्याच्या संघाच्या खात्यात धाव जमा होत नाही; तो फक्त समोरच्याला बाद करतो. इथेही तसंच. पुढे डाव गेले, २१ गुणांचा आणि मग १५ गुणांचा सेट आला, पण ‘बाद करणाऱ्याला गुण नाही’ हे तत्त्व टिकलं. आपल्या पुण्यात १८७०च्या दशकात ब्रिटिश अधिकाऱ्यांनी ज्या खेळाला वळण लावलं आणि जो ‘पूना’ नावानेही ओळखला जाई, त्या बॅडमिंटनमध्येही २००६पर्यंत गुण सर्व्हिस करणाऱ्यालाच मिळत.

गोम अशी, की टेनिसमध्ये सर्व्हिस हा फायदा असतो. व्हॉलीबॉलमध्ये ती तोट्याची बाजू. पहिला स्मॅश मारायची संधी चेंडू घेणाऱ्याला मिळते. समजा, दोन तुल्यबळ संघ आहेत आणि तीनपैकी दोन रॅली सर्व्हिस घेणारा जिंकतो. मग गुण तीन रॅलींमागे एकच. १५-१३ असा सेट म्हणजे २८ गुण, त्यासाठी साधारण ८४ रॅली. संघ आणखी तयारीचे झाले, चारपैकी तीन रॅली घेणाऱ्याच्या झाल्या, तर त्याच २८ गुणांना ११२ रॅली. म्हणजे खेळाडू जितके चांगले, तितका गुणफलक मंद! आणि सेट किती वेळ चालेल याला वरची मर्यादाच नाही.

दूरचित्रवाणीला हे परवडणारं नव्हतं. आंतरराष्ट्रीय महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष रुबेन अकोस्टा यांना खेळ पडद्यावर हवा होता. १९८८मध्ये पाचव्या सेटपुरता प्रत्येक रॅलीला गुण द्यायचं ठरलं. १९९८मध्ये तो नियम सगळ्या सेटना लागू करायचा निर्णय झाला: पहिले चार २५चे, पाचवा १५चा, दोन गुणांची आघाडी हवीच. २०००चं सिडनी ऑलिम्पिक याच पद्धतीने खेळलं गेलं. आता २५-२३ म्हणजे बरोबर ४८ रॅली. गुणांची बेरीज हीच रॅलींची संख्या.

सर्व्हिस जाळ्यात मारली तर आता समोरच्याला थेट गुण मिळतो. तरी जोरकस जंप सर्व्हिस संपली नाही, कारण साध्या सर्व्हिसवरही बहुतेक रॅली समोरचाच जिंकणार असेल, तर धोका पत्करणं परवडतं. त्याच १९९८मध्ये बचावासाठी खास ‘लिबेरो’ हा खेळाडूही आंतरराष्ट्रीय सामन्यांत आला.

माझे बाबा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या संघातून खेळायचे. ‘आमच्या वेळी पॉइंट कमवावा लागायचा,’ असं ते अजून म्हणतात. त्यात तथ्य आहे. जुन्या पद्धतीत १४-५ने मागे असलेल्या संघाला सर्व्हिस घेताना रॅली जिंकून शेवट पुन्हापुन्हा पुढे ढकलता यायचा. आघाडीवरच्याला स्वतःच्या सर्व्हिसवरच सामना संपवावा लागे. आज २४-१५ झालं, की कोणाच्याही सर्व्हिसवर एक रॅली पुरते. झुंजायला जागा कमी झाली, हे खरंच.

पण बाबा मागच्या फळीत खेळायचे. अंगावर आलेली सर्व्हिस उचलायची, जमिनीला टेकत आलेला चेंडू काढायचा, हे त्यांचं काम. त्या कामाने रॅली जिंकली की पंच म्हणायचे ‘सर्व्हिस चेंज’, आणि आकडा तोच राहायचा. ज्या पद्धतीचा त्यांना अभिमान आहे, तिने त्यांची मेहनत कधी फलकावर मांडलीच नाही. हे त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘आम्हाला माहीत होतं की.’

२०१९मध्ये यू मुंबा व्हॉली खेळली त्या प्रो व्हॉलीबॉल लीगने सेट पुन्हा १५ गुणांचे केले. आकडा बाबांच्या काळातला, पण १५-१३साठी आता फार तर २८ रॅली लागत. खेळ आटोपशीर झाला, संध्याकाळच्या वेळापत्रकात बसला. मला नवी पद्धत जास्त न्याय्य वाटते, कारण तिच्यात चेंडू उचलणाऱ्याचाही हिशोब आहे. फक्त जुना १५-१३ असा निकाल कुठे वाचला, तर त्यामागच्या न लिहिलेल्या पन्नास-साठ रॅलीही मोजायला हव्यात.