अनुदान, निरीक्षक आणि मुलाची संमती

अनुदानित शाळेत शिक्षकांचा पगार सरकारी तिजोरीतून होतो, पण शाळा चालवते एखादी संस्था. ती चर्चची असेल, मठाची असेल, अंजुमन असेल किंवा एखाद्या सुधारकाच्या विचारातून उभी राहिलेली असेल. पैसा सर्वांचा आणि शाळेचा धर्म मात्र एकाचा, हा मेळ कसा बसला याचा शोध घेताना मी १८५४ च्या वुडच्या खलित्यापाशी पोहोचलो.

त्याआधीची मुंबई ध्यानात घ्यायला हवी. १८३९ मध्ये डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या पारशी विद्यार्थ्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. प्रकरण न्यायालयात गेले आणि पालकांनी भराभर मुले शाळेतून काढली. १८४३ मध्ये त्याच शाळेतला नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला होता. तो अज्ञान म्हणून न्यायालयाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिले. त्याला ज्ञातीत परत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेतला आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. या साऱ्या वादात सरकार, मिशन, पालक, ज्ञाती हे सगळे पक्षकार होते. ज्या मुलावरून वाद होता, त्याच्या शब्दाला मात्र किंमत नव्हती.

अशा वातावरणात खाजगी शाळांना सरकारी पैसा द्यायचा, तर कोणत्या अटीवर? खलित्याने तोडगा काढला. ऐहिक विषय चांगले शिकवा, स्थानिक व्यवस्थापन नेमा, थोडी का होईना फी घ्या, तपासणी करू द्या, अनुदान मिळेल. शाळेत कोणता धर्म शिकवला जातो याची दखल निरीक्षकाने घ्यायचीच नाही. म्हणजे तो गणित तपासणार, भूगोल तपासणार आणि धर्माच्या तासाकडे पाठ फिरवणार. सरकार आणि संस्था यांच्यातला हा समझोता होता. त्यातही विद्यार्थी पक्षकार नव्हता.

खुद्द इंग्लंडमध्ये १८७० च्या कायद्याने पालकाला आपले मूल धर्मपाठातून बाहेर काढण्याची मुभा दिली. पण 'नको' म्हणण्याचा भार पालकावरच राहिला. १९५० मध्ये अंमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेने हा क्रम उलटा केला. अनुच्छेद २८ नुसार पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. अनुदानित शाळेत देता येते. पण विद्यार्थ्याची, आणि तो अज्ञान असेल तर पालकाची, संमती असल्याखेरीज त्याला त्यात सहभागी व्हायला लावता येत नाही. म्हणजे गप्प राहणे ही संमती नव्हे. संस्थेचा हक्कही घटनेने राखला आहे: अल्पसंख्याकांची संस्था म्हणून अनुदानात भेदभाव करू नये, असे अनुच्छेद ३० सांगतो. माझ्या मते ही दोन कलमे एकत्रच वाचायला हवीत. एक शाळेला तिचा स्वभाव जपू देते, दुसरे मुलाला त्याचा.

२०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नाशिकच्या एका अनुदानित शाळेतील शिक्षकाच्या बाजूने निर्णय दिला: प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्याची सक्ती करता येणार नाही, तो मूलभूत हक्कांचा भंग आहे. नोकरी पणाला लावून एक प्रौढ माणूस एवढे झगडू शकला. पाचवीतले मूल झगडणार नाही. रांगेत उभे राहून शेजारच्याचे पाहील आणि हात जोडील. म्हणूनच 'आधी विचारा' ही घटनेची अट आहे, आणि ती पाळण्यासाठी प्रवेश अर्जावर एक ओळ पुरेशी आहे. माझ्या पाहण्यात आलेल्या अर्जांत जात, धर्म, जन्मतारीख यांचे रकाने होते. ती ओळ नव्हती.