नावाआधीची ओळख

तेनसिंग आणि हिलरी यांनी एव्हरेस्ट सर केल्याची वार्ता २ जून १९५३ रोजी लंडनच्या ‘टाइम्स’ने जगाला दिली. मोहिमेसोबत राहून ती सांकेतिक संदेशाने धाडणाऱ्या तरुण वार्ताहराचे नाव होते जेम्स मॉरिस. लष्करातील सेवा, संसार, मुले आणि आता ही कीर्ती! पुरुषाच्या आयुष्यात जगाला जे अपेक्षित असते, ते सारे लाभले होते. तरीही आपण पुरुष नाही, हे या व्यक्तीला मनोमन ठाऊक होते.

जॅन मॉरिस या नावाने १९७४ साली लिहिलेल्या ‘कननड्रम’ या आत्मकथनात त्यांनी त्या जाणिवेचा उगम सांगितला आहे. वय तीन-चार वर्षांचे. आई पियानो वाजवीत होती आणि मूल पियानोखाली बसले होते. आपण चुकीच्या देहात जन्मलो, हे त्याला तेव्हाच उमगले. पुढे ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कथीड्रलच्या गायकवृंदात असताना सायंप्रार्थनेच्या अखेरीस ते मूल, देवा, मला मुलगी कर, अशी मूक विनवणी करी. ही प्रार्थना त्याला कोणी शिकवली नव्हती. हे गुपित त्याने सुमारे वीस वर्षे कोणालाही सांगितले नाही.

ओळख पटली होती. तिला नाव नव्हते. ‘जेंडर डिस्फोरिया’ ही संज्ञा रूढ झाली ती १९७० च्या दशकात. ‘डिस्फोरिया’च्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘वाहण्यास कठीण’. हे ओझे सर्वांना बालपणीच जाणवते असे नाही. कोणाला पौगंडावस्थेत देह बदलू लागताच जाणवते, तर कोणाला प्रौढपणी, दुसऱ्या कोणाची कहाणी ऐकताना. २०१३ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानग्रंथातून ‘विकृती’ सुचविणारे जुने नाव वगळले आणि हीच संज्ञा स्वीकारली. वेगळी ओळख हा आजार नव्हे. उपचार हवा तो तिच्यापायी होणाऱ्या यातनेला, हा त्यामागील विचार.

मॉरिस यांनी १९७२ साली कासाब्लांका येथे शस्त्रक्रिया करून घेतली. कायद्यामुळे पत्नी एलिझाबेथशी घटस्फोट घ्यावा लागला, पण सहवास सुटला नाही. २००८ साली दोघींनी आपले नाते पुन्हा कायदेशीर करून घेतले. २०२० साली जॅन यांचे निधन झाले.

वाचकहो, पियानोखालचे ते मूल वीस वर्षे गप्प राहिले. आपल्या घरातले मूल बोलू लागेल, तेव्हा प्रथम आपण गप्प राहून ऐकावे.