प्रौढ मताधिकार, पालम परिसरातील

महाराष्ट्र राज्याच्या परभणी जिल्ह्यातील पालम हे तालुक्याचे ठिकाण व त्याभोवतालची गावे यांत मताधिकार कसा आला आणि तो बजावण्यासाठी कोणती पूर्वतयारी लागते, यांचा इतिहास. गोदावरीच्या खोऱ्यातील पालम विधानसभेच्या गंगाखेड व लोकसभेच्या परभणी मतदारसंघात मोडते. येथे नगरपंचायत आहे. मताधिकार संविधानाने मिळत असला, तरी तो प्रत्यक्षात टिकतो किंवा निसटतो तो बहुधा मतदानाच्या दिवसापूर्वीच, मतदारयादीत, असे या परिसराच्या अनुभवावरून दिसून येते.

पूर्वपीठिका : १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथील विधिमंडळात सामान्य रयतेला स्थान नव्हते. १९३९ मध्ये जाहीर झालेल्या सुधारणांतही प्रदेशानुसार नव्हे, तर जहागीरदार, वकील, व्यापारी आदी हितसंबंधांनुसार प्रतिनिधित्व देण्याची योजना होती. शेतमजुराला वा स्त्रीला स्वतःचे समान मत असावे, ही कल्पनाच तीत नव्हती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपुष्टात आली आणि २६ जानेवारी १९५० पासून भारतीय संविधानाच्या ३२६ व्या अनुच्छेदान्वये एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकास मताधिकार प्राप्त झाला.

पहिली निवडणूक : १९५१–५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत लोकसभेबरोबरच १७५ सदस्यांची हैदराबाद विधानसभाही निवडली गेली. देशातील साक्षरतेचे प्रमाण तेव्हा सु. १८ टक्के होते. म्हणून प्रत्येक उमेदवारासाठी निवडणूक चिन्ह लावलेली स्वतंत्र पेटी ठेवण्यात आली व मतदाराने कोणतीही खूण न करता मतपत्रिका पसंतीच्या पेटीत टाकावयाची होती. परभणीतून लोकसभेवर शेतकरी कामगार पक्षाचे नारायणराव वाघमारे निवडून आले. देशभर काँग्रेसला मोठे बहुमत मिळालेल्या या निवडणुकीतील हा निकाल पाहता, नवा मतदार केवळ प्रबळ पक्षास मान्यता देण्यासाठी आला नव्हता, हे लक्षात येते.

याच निवडणुकीत यादीचे महत्त्वही प्रकर्षाने दिसून आले. देशातील सु. ८ कोटी स्त्री-मतदारांपैकी सु. २८ लाख स्त्रियांची नावे वगळावी लागली. परक्या माणसास स्वतःचे नाव सांगण्याचा संकोच असल्याने त्यांची नोंद ‘अमक्याची पत्नी’ वा ‘तमक्याची मुलगी’ अशी झाली होती आणि मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी निनावी नोंद ग्राह्य धरली नाही. हा प्रकार मुख्यतः उत्तर व मध्य भारतात घडला. परंतु नावाची अचूक नोंद हीच मतदानाची पहिली पायरी होय, हा त्यातील धडा सर्वत्र लागू पडतो.

पूर्वतयारी : ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून मतदाराचे किमान वय अठरा झाले. २०२२ पासून नोंदणीसाठी १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर अशा चार अर्हता दिनांकांची सोय आहे. नव्या नोंदणीसाठी नमुना ६, तर दुरुस्ती वा स्थलांतरासाठी नमुना ८ भरावा लागतो. छायाचित्रयुक्त ओळखपत्र १९९३ पासून देण्यात येऊ लागले. मात्र ते ओळखीचा पुरावा असून यादीत नाव नसल्यास केवळ त्याच्या आधारे मत देता येत नाही. म्हणून प्रारूप यादी प्रसिद्ध होताच नाव, वय व मतदान केंद्र तपासून दावे व हरकती मुदतीत दाखल करणे आवश्यक असते. आपल्या नावावर दुसऱ्याने आधीच मत दिल्याचे आढळल्यास, ओळख पटवून देणाऱ्या मतदारास प्रदत्त मतपत्रिका मागता येते. उमेदवाराची मालमत्ता, शिक्षण व त्याच्यावरील फौजदारी प्रकरणे यांचे शपथपत्र मतदानापूर्वी पाहता येते.

स्थलांतर व मतदान : पालम, गंगाखेड या भागांतील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी कारखान्यांच्या प्रदेशात जातात. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० अन्वये तात्पुरत्या अनुपस्थितीमुळे मतदाराचे सामान्य निवासस्थान बदलत नाही. त्यामुळे त्याचे गावच्या यादीतील नाव कायम राहू शकते. तथापि मत देण्यासाठी त्यास गावीच यावे लागते, कारण टपाली मतदानाची सवलत अशा मजुरांना नाही. २० नोव्हेंबर २०२४ रोजी झालेले विधानसभेचे मतदान गाळप हंगामाच्या प्रारंभीच आले. अशा वेळी मतदानासाठी परतणे म्हणजे मजुरी बुडणे व प्रवासखर्च सोसणे होय. निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना जाहीर केला, तो अशाच मतदारांचा प्रश्न लक्षात घेऊन. निजामाच्या राजवटीत पालमच्या मजुरास मतच नव्हते. त्याच्या आजच्या वंशजास ते आहे, पण ते बजावण्यासाठी यादीतील नावाबरोबरच मतदानाच्या दिवशी गावी असण्याची सोयही आधीच करावी लागते.