फोटो काढला आणि फोटो काढून घेतला

आपल्या बोलण्यात दोन वाक्यं आहेत. एक : त्यांनी आमचा फोटो काढला. दुसरं : आम्ही फोटो काढून घेतला. शब्द जवळपास तेच. पण पहिल्या वाक्यात आपल्याला कुणीतरी उभं केलंय आणि दुसऱ्यात आपण पैसे मोजून खुर्चीत बसलोय. या दोन वाक्यांच्या मधे शंभर वर्षं गेली. त्या शंभर वर्षांचा इतिहास कुणी आपल्याला शिकवला नाही. म्हणून दोस्तांनो, हा लेख.

आज आंजर्ले, हर्णै, मुरूड, कर्दे ह्या दापोलीच्या किनाऱ्यावर जा. लग्न ठरलेली जोडपी मुंबई-पुण्याहून फोटो काढायला येतात. वर ड्रोन घोंघावतो, खाली नवरी ओल्या वाळूत झगा सावरते. शहरात तर आठ-दहा दिवसांच्या बाळाचेही फोटो काढणारे व्यावसायिक आहेत. बाळ झोपलं की मऊ कापडात गुंडाळून टोपलीत ठेवतात आणि दिव्याचा उजेड मंद करून फोटो काढतात. ह्यात वाईट काही नाही. पोराचं कौतुक कुणाला नसतं? पण कुटुंबाचा फोटो ही गोष्ट आपल्या घरात कशी आली, कुठल्या वाटेनं आली, हे माहीत नसेल तर हातातल्या कॅमेऱ्याचा अर्थ कळायचा नाही.

सुरुवात मुंबईपासून करू. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेरची फोटोची रीत जाहीर झाली. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी हे ह्या नव्या विद्येत शिरलेले पहिले मराठी लोक. १८५५ साली एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग निघाला. त्यात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढं मुंबईत स्वतःचा फोटोचा धंदा उघडला. आता त्याच्या पुढचं साल बघा. १८५६ साली धारवाडात एका महार पोरानं सरकारी शाळेत घ्या म्हणून अर्ज केला आणि तो नाकारला गेला. इलाखा एकच, सरकार एकच. एका दारात कॅमेऱ्याची विद्या आणि दुसऱ्या दारात पाटीसुद्धा नाही.

मग कॅमेरा आपल्याकडं आलाच नाही का? आला की! पण साहेबाच्या खांद्यावर आला. विल्यम जॉन्सन नावाच्या गोऱ्या फोटोग्राफरनं मुंबईत दिसणाऱ्या जाती-जमातींच्या चित्रांची दोन पुस्तकं १८६३ आणि १८६६ साली काढली. त्यानं माणसांचे फोटो एकीकडं घेतले, पाठीमागचा देखावा दुसरीकडचा आणला आणि दोन्ही जोडून एक चित्र केलं. पुढं सरकारनंच ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा ग्रंथ काढला. १८६८ ते १८७५ या काळात आठ खंड, चारशे अडुसष्ट फोटो. १८५७ चं बंड होऊन गेलेलं. आपण कुणावर राज्य करतोय, कोण इमानी, कोण डोईजड, ह्याची नोंद सरकारला हवी होती. म्हणून बहुतेक फोटोंखाली माणसाचं नाव नाही, जातीचं नाव आहे. आई-बापानं ठेवलेलं नाव विचारायची गरज कुणाला वाटली नाही.

त्या काळी फोटो काढवून घेणं हे अंगमेहनतीचंच काम होतं. काच ओली असतानाच फोटो घ्यावा लागे आणि काही सेकंद न हलता बसावं लागे. मान हलू नये म्हणून डोक्यामागं लोखंडी टेकू लावत. तान्हं पोर तर हलणारच. त्यावर विलायतेतल्या फोटोवाल्यांनी एक युक्ती काढली. आईला खुर्चीवर बसवायचं, तिच्यावर पडद्यासारखं कापड टाकायचं आणि तिच्या मांडीवर बाळ ठेवायचं. फोटोत बाळ दिसे. आई नुसती कापडाखालची वळकटी. असे फोटो आजही संग्रहांतून बघायला मिळतात. पोर दिसावं म्हणून आईनं नाहीसं व्हायचं ही रीत नुसती विलायतेतली नाही, हे आपल्या बायांना सांगायला नको.

१८७१ साली मॅडॉक्स नावाच्या इंग्रज डॉक्टरनं जिलेटिनच्या कोरड्या काचेची रीत शोधली. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ती सुधारत गेली आणि क्षणात फोटो निघायला लागला. आता हे जिलेटिन म्हणजे काय? जनावरांची हाडं आणि चामडं शिजवून काढलेला चिकट पदार्थ. त्याच्या थरात चांदीचे क्षार धरून ठेवतात आणि त्यावर चित्र उमटतं. काच गेली, फिल्म आली, तरी जिलेटिन राहिलंच. म्हणजे मेलेलं ढोर ओढायला, फाडायला, कातडं सोलायला ज्यांना लावलं आणि त्याच कामासाठी ज्यांना विटाळ ठरवलं, त्यांच्या हातातली हाडं-चामडी आणि भिंतीवरची तसबीर यांचं मूळ एकच. सोवळ्यातल्या घरानं आपल्या वाडवडलांचा फोटो देवाशेजारी टांगला, त्या फोटोला हार घातला. तेव्हा विटाळ कुठं गेला होता? विटाळाचं शास्त्र किती पोकळ आहे हे सांगायला ही एक काच पुरे.

विटाळाचा विषय निघाला की दापोलीचं नाव आलंच पाहिजे. आंजर्ल्यापासून वीस-पंचवीस किलोमीटरवरचं हे गाव लष्करी पेन्शनरांचं. गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली पलटणीतून निवृत्त झाले आणि दापोलीत राहिले. १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहिलं. इथल्याच महार पेन्शनरांनी आपली पोरं शाळेत घ्यावीत म्हणून सरकारकडं अर्ज केले आणि पोरांना वर्गात न घेता व्हरांड्यात बसवलं गेलं. सुभेदार रामजी सकपाळही निवृत्तीनंतर काही काळ दापोलीत होते. ज्यांनी पलटणीत बूट, वर्दी आणि बिल्ला घातला होता, त्यांनाच हे सोसावं लागत होतं. वर्दी घातलेला महार ताठ उभा राहायला शिकला होता. पुढं कॅमेऱ्यासमोर आपला माणूस ताठ उभा राहिला, त्याची मुळं मला ह्या पलटणीत दिसतात. १८९२ च्या सुमाराला महारांची भरती बंद झाली. पुन्हा १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा लढाईवर जाण्याआधी वर्दीतला फोटो घरी ठेवून जाणारे जवान निघाले. म्हातारीच्या ट्रंकेत आजही तो फोटो सगळ्यात खाली, लुगड्याच्या घडीत सापडतो.

दापोलीजवळच वणंद हे रमाईंचं गाव. त्यांचे वडील भिकू धोत्रे दाभोळ बंदरातून माशांच्या टोपल्या बाजारात पोचवायचे. आई-बाप लवकर गेले. मामा-काकांनी पोरांना मुंबईला आणलं. रमाई आणि भीमराव यांचं लग्न भायखळ्याच्या बाजारात, दुकानं उठून गेल्यावर रात्री लागलं. ते लग्न आज आपण चित्रकारांच्या चित्रात आणि सिनेमात बघतो. मंडप बाजाराचा, वऱ्हाड हमालीतलं. तिथं फोटोग्राफर कोण बोलावणार?

पण १९३४ सालच्या फेब्रुवारीतला एक फोटो आहे. दादरच्या हिंदू कॉलनीत, राजगृहात काढलेला. डावीकडून यशवंत, बाबासाहेब, रमाई, भावजय लक्ष्मीबाई आणि पुतण्या मुकुंद. टॉबी नावाचा कुत्रासुद्धा आहे. आपल्यातल्या बहुतेकांनी हा फोटो पाहिलाय, कॅलेंडरात, पुस्तकात. पण इतिहास म्हणून वाचलाय का?

तो असा वाचा. नवरा आणि बायको शेजारी शेजारी आहेत. विधवा भावजय घरच्या फोटोत आहे, मागच्या खोलीत नाही. पुतण्या पोटच्या पोराच्या बरोबरीनं आहे. सगळ्यांची नावं आपल्याला माहीत आहेत, कुत्र्याचंसुद्धा. ‘द पीपल ऑफ इंडिया’मधल्या माणसांना जे मिळालं नाही ते इथं कुत्र्याला मिळालंय. सरकारी ग्रंथाला हे उत्तर आहे.

आणि आता त्या फोटोत कोण नाही ते बघा. गंगाधर नाही, रमेश नाही, इंदू नाही, राजरत्न नाही. चार लेकरं गेली. शेवटचा राजरत्न १९२६ च्या जुलैत गेला. त्या पोरांच्या बाळपणी हे घर परळच्या चाळीत होतं आणि रमाई काटकसरीत दिवस काढत होत्या. आज बाळाचा फोटो दहाव्या दिवशी निघतो, कारण बाळ जगणार याची खात्री असते. आपल्या आज्या-पणज्यांना ती खात्री नव्हती. ‘फोटो काढला की आयुष्य कमी होतं’ असं म्हाताऱ्या म्हणायच्या. आपण हसतो आणि अंधश्रद्धा म्हणून सोडून देतो. अंधश्रद्धा आहेच. पण तिच्या खाली चार-चार पोरं पुरलेल्या आयांची भीती आहे, तीही वाचता आली पाहिजे. रमाई १९३५ च्या २७ मे ला गेल्या. त्या फोटोनंतर सव्वा वर्षानं.

फोटोतले कपडेही इतिहासच. १९२७ च्या डिसेंबरात महाडच्या परिषदेत मनुस्मृती जाळली गेली. तिथंच बाबासाहेब बायांशी बोलले. जातीची खूण सांगणारी लुगड्याची नेसण सोडा, हातापायांतले ते ओझ्याचे दागिने टाका, असं सांगितलं. महाड दापोलीच्या शेजारचंच. त्यानंतरच्या आपल्या बायांच्या फोटोत लुगड्याची नेसण बघा. ती नुसती आवड नाही, तो ठराव आहे. अंगावर अमलात आणलेला.

मग गिरणगाव. रत्नागिरी जिल्ह्यातून बोटीनं मुंबईला आलेली माणसं गिरणीत लागली. परळ-लालबाग-नायगावच्या स्टुडिओत पगार झाल्यावर जायचं, कोट स्टुडिओचाच, पाठीमागं रंगवलेला पडदा, पडद्यावर बाग किंवा जिना. गावच्या पाणवठ्यावर ज्याला लांब उभं राहावं लागे तो इथं खुर्चीत बसे आणि फोटोवाला त्याला ‘साहेब, मान जरा वर’ म्हणे. मान वर करायला पैसे देऊन सांगणारी ही पहिलीच जागा! फोटो मग गावाला जाई, मनिऑर्डरीच्या पाठोपाठ.

बायको गावी, नवरा मुंबईत. जोडीनं फोटो निघायचा कधी? स्टुडिओवाले दोन वेगळे फोटो जोडून एक जोडी करून देत. कधी त्यातलं एक माणूस मेलेलं असे. वरून हातानं रंग भरत. जॉन्सननं माणूस कापून देखाव्यावर चिकटवला तो जात दाखवायला. आपल्या लोकांनी तीच कापाकापी पोटासाठी तुटलेला संसार जोडायला वापरली. हत्यार तेच, हात बदलला.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर लग्नाचा फोटो बदलला. होम नाही, भटजी नाही. पांढऱ्या कपड्यांतली जोडी, समोर बुद्धाची आणि बाबासाहेबांची प्रतिमा. कोकणातल्या बौद्धवाड्यांत असे फोटो घरोघर आहेत. धर्मांतर एका दिवसात झालं, पण ते घरात कसं मुरलं ह्याचा पुरावा ह्या फोटोंत आहे. सरकारदरबारीही लग्नाच्या नोंदणीला असा फोटो लागतो.

सरकारचा फोटो वेगळा चालूच राहिला. गिरणीचा पास, १९९३ नंतर मतदाराचं ओळखपत्र, २०१० साली नंदुरबारच्या टेंभलीपासून सुरू झालेलं आधार. त्यात हसायचं नाही, समोर बघायचं. पण त्याचाही उपयोग झाला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, गिरण्या बुडाल्या आणि पुढं कामगारांच्या घरांचे अर्ज निघाले तेव्हा ट्रंकेतले जुने पासच पुरावा म्हणून बाहेर आले. आम्ही गिरणीतली माणसं हे विसरत नाही. २०१७ साली गुजरातेत लिंबोदरा गावात मिशी ठेवली म्हणून दलित पोरांना मारल्याची बातमी आली, तेव्हा शेकडो पोरांनी स्वतःच्या मिशांचे फोटो फोनवर लावले. चेहरा कुणाचा, हा वाद अजून मिटलेला नाही.

आता कामाचं बोलतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. आंजर्ले, हर्णै, सगळ्या दापोली-मंडणगडात पत्रे आणि कौलं उडाली. घरातलं धान्य भिजलं तसे फोटोही भिजले. वादळ नसलं तरी कोकणचा पाऊस आहेच. जिलेटिन हे बुरशीचं अन्न. दमट हवेत ते सुटतं, काचेला चिकटतं, आणि चिकटलेला फोटो ओढला की चेहराच निघून येतो. राजेरजवाड्यांचे फोटो वस्तुसंग्रहालयात थंड खोलीत आहेत. १८९६ साली मुंबईत स्टुडिओ उघडलेल्या राजा दीनदयाळांची चित्रं जपायला माणसं आहेत. आपल्या पणजीचा एकुलता एक फोटो कुडाच्या भिंतीवर आहे.

म्हणून येत्या उन्हाळ्यात गावी जाल तेव्हा एवढं करा. भिंतीवरचा फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका. काचेसकट सावलीत ठेवून त्याचा फोनवर फोटो घ्या. सुट्या फोटोंवर प्लास्टिक चढवू नका. मागं मऊ पेन्सिलीनं हलक्या हातानं नावं लिहा, बॉलपेननं नको. म्हातारीला विचारा : हा कोण, ही कुणाची, गाव कुठलं, साल कुठलं, कोट कुणाचा होता. बाईचं नाव लिहिताना ‘अमक्याची बायको’ लिहू नका. तिचं माहेरचं आणि सासरचं, दोन्ही नावं लिहा. पोर जगलं नसेल तर त्याचंही नाव विचारा आणि लिहा, फोटोत नसलं तरी.

सांगणारी माणसं ऐंशीच्या पुढं गेलीत. पाऊस जूनला येतो. त्याआधी जा.